दुकानाची पायरी

एखादी वस्तु कोणाच्या मालकीची आहे हें ठरविणें कायद्याला फारसें अवघड जात नाहीं. ती कोणाकोणाच्या उपयोगाची आहे हें ठरवितांना मात्र त्याची तारांबळ उडते. गल्लीच्या तोंडाशीं असणारें किराण्याचें दुकान घ्या. भाडेपावतीवर नांव एकाच गृहस्थाचें असतें. परंतु त्याच्या पायरीवर, फळीवर, तागडीवर आणि वहीवर साऱ्या आळीचा वावर असतो. बाहेरगांवीं जाणारें कुटुंब आपली किल्ली वाण्याकडे ठेवून जातें. शाळेंतून लवकर सुटलेलीं मुलें आई कामावरून येईपर्यंत तेथल्याच पोत्यावर बसून राहतात. पोस्टमनला पत्ता सांपडला नाहीं कीं तो प्रथम वाण्याला विचारतो. वर्तमानपत्र एकच येतें, आणि दुपारपर्यंत दहा जणांच्या हातांतून फिरून शेवटीं पुड्यांच्या कामीं लागतें. घरोघर टेलिफोन नव्हते त्या काळीं मुंबईच्या चाळींतील कित्येक कुटुंबांचा दूरध्वनीचा क्रमांक म्हणजे खालच्या वाण्याचाच क्रमांक असे. नोकरीच्या अर्जावर तो देतांना पुढें ‘पी. पी.’ हीं दोन अक्षरें जोडलीं म्हणजे काम भागे, आणि निरोप आला कीं दुकानांतला पोऱ्या तिसऱ्या मजल्यापर्यंत हांका मारीत जाई.

हें सारें काय आहे? वाण्याचा उपकार, गिऱ्हाईक धरून ठेवण्याची त्याची युक्ति, कीं सामायिक मालकीचाच एखादा अलिखित प्रकार? प्रश्न केवळ शाब्दिक नाहीं. आमच्यासारख्या पांढरपेशा कुटुंबांचें महिन्याचें सामान आज दूरच्या मोठ्या भांडारांतून, किंवा ज्या कोठारांत गिऱ्हाइकाला पाऊलहि ठेवतां येत नाहीं अशा ठिकाणाहून, दहा-पंधरा मिनिटांत घरपोंच येऊं लागलें आहे. पायरी अजून आहे; तिच्यावर चढणारे पाय बदलले आहेत. आम्हीं तेथून काढता पाय घेतला, एवढ्यानें कोणाचें कांहीं नुकसान झालें काय? झालें असल्यास तें भरून देण्याचें आमच्यावर कांहीं बंधन आहे काय?

या सामायिक साधनांत सर्वांत मोठें साधन म्हणजे पायरी नव्हे, वही. पगार होईपर्यंत तांदूळ, तूरडाळ, तेल, चहा, साखर हीं वहींत मांडून न्यावयाचीं आणि पगाराच्या दिवशीं हिशेब चुकता करावयाचा, ही रीत आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या आईबापांनीं पाळलेली आहे. या उधारीवर वाणी उघड व्याज लावीत नाहीं. मग तें व्याज जातें कोठें? तें भावांत असतें. घाऊक पेठेच्या मानानें त्याला किलोमागें चार पैसे अधिक घ्यावे लागतात, आणि ते रोखीनें घेणाऱ्यालाहि द्यावे लागतात. बुडालेली उधारी आणि उशिरां आलेली उधारी या दोहोंची भरपाई त्यांतूनच व्हावयाची. म्हणजे ज्याला आपण वाण्याचें औदार्य म्हणतों तें पुष्कळ अंशीं साऱ्या आळीनें नकळत भरलेली वर्गणी होय. रोखीचें गिऱ्हाईक ती भरतें, अडचणींतलें गिऱ्हाईक तिच्यांतून उचलतें, आणि वाणी हा त्या निधीचा व्यवस्थापक. व्यवस्थापकहि असा कीं त्याला ना सभा, ना ठराव, ना अर्जाचा नमुना. कोणाची नोकरी सुटली, कोणाच्या घरीं आजारपण आहे, कोण शब्दाचा पक्का आणि कोणाचा पगार वाटेंतच गुत्त्यावर संपतो, हें त्याला कोणत्याहि बँकेच्या आधीं कळतें. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईंतील सुमारें अडीच लाख गिरणी-कामगार संपावर गेले, आणि तो संप दिवसांनीं किंवा आठवड्यांनीं नव्हे तर महिन्यांनीं मोजावा लागला. त्या काळांत गिरणगांवांतील पुष्कळ चुली गांवाकडून आलेल्या धान्यावर आणि वाण्याच्या वहीवर पेटत राहिल्या. वाण्यानें तें सारें दयेनें केलें असें नाहीं. त्याचें मागचें येणें अडकलेलें होतें, आणि गिऱ्हाईक गांवीं निघून गेलें तर तेंहि गेलें असतें. परंतु हेतु शुद्ध नव्हता म्हणून भाकरीची किंमत कमी होत नाहीं.

आतां या वहीची दुसरी बाजू पाहूं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेला. त्यांना हवी होती ती धान्याचीं पोतीं नव्हेत, तर कर्जरोखे आणि वह्या. जेथें त्या मुकाट्यानें स्वाधीन झाल्या तेथें मारहाण सहसा झाली नाहीं. वह्या जळल्या, आणि लोक घरीं गेले. दंग्यांचें लोण अहमदनगर जिल्ह्यांतहि पोंचलें, सरकारनें चौकशीसाठीं मंडळ नेमलें, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या गांवांतहि मीठ-मिरची देणारा आणि कर्ज देणारा पुष्कळदां एकच असे. गांवाला तोच एक आधार होता, आणि तोच फांस. चाळीच्या वाण्याची वही आणि सुप्याच्या सावकाराची वही यांत फरक कशानें पडला? एक सज्जन आणि दुसरा दुर्जन, एवढ्यानें आमचें समाधान होत नाहीं. चाळींतल्या गिऱ्हाइकाला वही वाचतां येत होती. कोपऱ्यावर दुसरें दुकान होतें. आणि गहाण टाकण्यासारखी जमीन त्याच्याजवळ येथें नव्हतीच. जेथें या तीन गोष्टी नसतात तेथें आधाराचा फांस होण्यास वाणी दुष्ट असावा लागत नाहीं.

शिवाय, व्याज नसलें तरी उधारीचा एक मोबदला असतोच, आणि तो पैशानें द्यावयाचा नसतो. उधारीवर नेणाऱ्या बाईला तांदळांत खडे निघाले तरी ते परत करतां येत नाहींत. रोखीचें गिऱ्हाईक मागून येऊन पुढें जातें, आणि तिला बाजूला उभें राहावें लागतें. ‘‘मागचें राहिलें आहे बरें का, वहिनी,’’ हें वाक्य चार माणसांदेखत ऐकून हंसावें लागतें. तागडी कोणीकडे झुकते आहे हें निरखून पाहण्याचा हक्क तिच्यापाशीं उरत नाहीं. आम्ही ज्याला जिव्हाळा म्हणतों त्याची ही किंमत दरमहा कोण देत होतें, हें जिव्हाळ्याच्या आठवणी लिहिणारांनीं विचारावें. बहुधा घरांतल्या बायका देत होत्या, आणि आठवणी लिहिण्याचें काम पुरुषांनीं केलें.

या आठवणींतून आणखी एक गोष्ट गळलेली असते. खेड्यांतल्या ज्या पायरीवर बसून आमच्या वडीलधाऱ्यांनीं वर्तमानपत्रें वाचलीं आणि राजकारण केलें, त्या पायरीच्या खालीं, उन्हांत, गांवाबाहेरच्या वस्तींतील माणूस आपलें मीठ मागत उभा असे. त्याचें नाणें जमिनीवर ठेविलें जाई, त्याची पुडी वरून टाकली जाई, आणि दुकानांतल्या रांजणाचें पाणी मागण्याचें त्याला सुचूंहि नये अशी व्यवस्था असे. पैसा त्याचा चाले. शिवाशिव आड येई ती फक्त हाताची. साऱ्या गांवाची म्हणून जिची वाखाणणी व्हावी, त्या पायरीच्या मानानें हा मनुष्य गांवांत नव्हताच. सामायिक वस्तूंच्या बाबतींत केवळ सदिच्छेवर आणि ठरावांवर विसंबल्यास काय होतें तें महाडास दिसलें. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलांत १९२३ सालीं झाला होता. महाड नगरपालिकेनेंहि चवदार तळें खुलें असल्याचें ठरविलें होतें. तरी २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी त्या तळ्याचें पाणी प्याले तेव्हां गांवानें लाठ्या उचलल्या, आणि तळ्याचा दिवाणी वाद हायकोर्टांत मिटावयास १९३७ साल उजाडलें.

म्हणूनच भारताच्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणालाहि अटकाव करतां येणार नाहीं अशा जागांची जी यादी आहे, तिच्यांत विहिरी, तळीं, रस्ते यांच्याहि आधीं दुकानांचें नांव आलें, हें आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें. विहीर गांवाची असते. दुकान तर खासगी मालमत्ता. तरीहि जो विक्रीसाठीं दार उघडतो त्याला तें निवडक माणसांपुरतें उघडतां येत नाहीं, असें घटनाकारांनीं धरलें. २९ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटना परिषदेंत या कलमावर चर्चा झाली तेव्हां एका सभासदानें विचारलें कीं, दुकान या शब्दांत धोब्याचें आणि न्हाव्याचें दुकान येतें काय. त्यावर हा शब्द येथें व्यापक अर्थानेंच योजला आहे, असा डॉ. आंबेडकरांनीं खुलासा केला. पायरीवर चढण्याचा हक्क हा वाण्याच्या स्वभावावर अवलंबून राहिला नाहीं, हें मोठें काम झालें. मात्र घटनेनें दिला तो चढण्याचा हक्क. बसण्याचा नव्हे, आणि वहीचा तर नव्हेच.

उपकाराच्या जागीं नियम आणून पाहण्याचा जगांतील सर्वांत प्रसिद्ध प्रयोगहि एका किराण्याच्या दुकानांतच झाला. इंग्लंडांतील लँकेशायर परगण्यांत त्या काळीं रॉचडेल म्हणून विणकरांचें गांव होतें. तेथील अठ्ठावीस सामान्य माणसांनीं आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकून अठ्ठावीस पौंड भांडवल जमविलें, आणि २१ डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळीं टोड लेन या गल्लींत एका जुन्या वखारीच्या तळमजल्यावर दुकान उघडलें. माल काय होता? लोणी, साखर, कणीक, ओटचें पीठ आणि कांहीं मेणबत्त्या. गल्लींतलीं टवाळ पोरें तमाशा पाहावयास जमलीं होतीं असें वर्णन आहे, आणि त्यांना दोष देववत नाहीं. पण या दुकानाचे नियम पाहण्यासारखे होते. माल बिनभेसळीचा द्यावयाचा, वजन पुरें द्यावयाचें. कारण त्या काळीं इंग्लंडांतल्या पिठांत आणि चहांत काय नसे हेंच विचारावें. भाग कितीहि असोत, सभासदाला मत एकच; स्त्री असली तरी एकच. नफा उरेल तो ज्यानें जितकी खरेदी केली असेल त्या प्रमाणांत परत. आणि उधारी मुळींच नाहीं.

हा शेवटचा नियम वाचून आमच्याकडच्या वाचकास धक्का बसेल. उपाशी विणकरांनीं विणकरांसाठीं काढलेलें दुकान, आणि त्यांत उधारीस मज्जाव! परंतु तो कठोरपणा अनुभवांतून आला होता. त्याच गांवांत कांहीं वर्षांपूर्वीं निघालेलें असलेंच एक दुकान उधारीपायीं बुडालें होतें. शिवाय खासगी दुकानदाराच्या वहींत अडकलेल्या मजुराला त्याचाच भेसळीचा माल त्याच्याच भावानें घ्यावा लागतो, हें त्यांना पुरतें ठाऊक होतें. दुसरीकडे, याच कंजूष दुकानानें थोड्याच वर्षांत वरच्या मजल्यावर सभासदांसाठीं वाचनाची खोली केली, ग्रंथसंग्रह उभारला, आणि शिल्लक नफ्यापैकीं शेंकडा अडीच शिक्षणासाठीं वेगळे काढण्याचा नियम केला. खालीं पीठ आणि वर पुस्तकें! त्या खोलींत जाऊन बसणाऱ्या विणकरानें कोणाचे आभार मानावे? कोणाचेच नव्हे, दुकान त्याचें, पुस्तक त्याचें, आणि दिवाबत्तीचा खर्चहि त्याच्याच पिठांतून निघालेला. आमच्या वाण्यानें उधारी दिली, आणि तागडीकडे पाहण्याचा हक्क घेतला. रॉचडेलकरांनीं उधारी नाकारली, आणि तागडीच सभासदाच्या हातीं दिली.

आमच्याकडे १९०४ च्या कायद्यानें सहकारी पतपेढ्यांना वाट करून दिली, आणि १९१२ च्या कायद्यानें पतपेढ्यांखेरीज इतर सहकारी संस्थांनाहि. १९४८ सालीं मुंबईंत नायगांवांत कामगारांच्या धडपडींतून जें छोटें ग्राहक भांडार निघालें तें पुढें ‘अपना बाजार’ म्हणून सर्वतोमुखीं झालें. त्याचा पुढचा चढउतार सांगण्याचें हें स्थळ नव्हे. आम्हांस अधिक मौज वाटते ती १९७५ पासून चाललेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या रीतीची. कारण तेथें दुकानच नाहीं. शेजारच्या कांहीं कुटुंबांचा एक संघ करावयाचा, महिन्याची मागणी आगाऊ नोंदवावयाची, माल एका सभासदाच्या घरीं येऊन पडावयाचा, आणि सर्वांनीं जमून तो आपल्या हातांनीं वांटून घ्यावयाचा. ज्या घरीं माल उतरतो तेथील दिवाणखान्यांत त्या दिवशीं सोफ्यावर साबणाच्या वड्या आणि पलंगावर डाळीच्या पिशव्या दिसतात. त्या घरच्या बाईला दुपारची झोंप नसते, शेजाऱ्यांच्या चपलांनीं जिना भरतो, आणि एखादी पिशवी कमी भरली कीं सगळा हिशेब पुन्हां सुरू होतो. दुकानाची जागा येथें घरानें घेतली. म्हणजे जागेचा मोबदला कोणीतरी देतेंच, तो फक्त पाळीपाळीनें किंवा आवडीनें दिला जातो.

मग नियमाच्या बाजूनें कौल द्यावा, हें सरळ दिसतें, आणि आमचा कल तिकडेच आहे. जी सोय मिळविण्यासाठीं मान खालीं घालावी लागते, ती सोय कितीहि मोठी असली तरी सामायिक नव्हे. परंतु नियमाचें दार कोणासाठीं अरुंद पडतें हेंहि पाहिलें पाहिजे. रॉचडेलच्या सभासदाला एक पौंड जमवितां येत होता. ज्याला तो कधींच जमणार नाहीं असा मजूर त्याच गांवांत होता. ग्राहक पंचायतीच्या यादींत महिन्याचें सामान आगाऊ नोंदविण्यास महिन्याचा पगार लागतो, सामान ठेवावयास डबे लागतात, आणि डबे ठेवावयास घर. इमारतीचा पहारेकरी, रस्त्याचें काम करणारा मजूर, धुणींभांडीं करणारी बाई, यांना दहा रुपयांचें तेल आणि पांच रुपयांची चहाची पुडी हवी असते, आणि ती आज संध्याकाळीं हवी असते. त्यांच्यासाठीं अजून तरी पायरी आणि वही हींच आहेत. हीं माणसें ना सभासद, ना जुन्या ओळखीचीं. पुष्कळदां परप्रांतांतून आलेलीं. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली तेव्हां मजुरी थांबली, आणि मोठ्या शहरांतून लाखों लोक गांवाकडे चालूं लागले. जे मागें राहिले त्यांना उधार द्यावें कीं न द्यावें हा प्रश्न कोणत्याहि सभेपुढें आला नाहीं. तो एकेका वाण्यापुढें आला. कांहींनीं दिलें, कांहींनीं ‘आज रोख, उद्यां उधार’ या पाटीकडे बोट दाखविलें. ज्यानें बोट दाखविलें त्याला आम्ही दोष देऊं शकत नाहीं. त्याच्या दुकानांतली रोखीची गिऱ्हाइकें किती उरलीं होतीं, हें आधीं आम्हीं आपल्याशींच मोजावें लागेल.

येथेंच आमच्या पहिल्या प्रश्नाची गांठ सुटूं लागते. वाण्याची वही ही साऱ्या आळीची वर्गणी असेल, तर रोखीनें घेणारा सुस्थित वर्ग तेथून उठला म्हणजे वर्गणी भरणाराच उठला, आणि उचलणारा तेवढा राहिला. अशा दुकानाला दोनच मार्ग उरतात : उधार बंद करणें, किंवा गरिबाच्या पुडीवर भाव चढविणें. दहा मिनिटांत दारीं आलेला स्वस्त माल आम्हांस स्वस्त कां पडला याचा थोडासा खुलासा यांत आहे. त्याच्या भावांत शेजाऱ्याची बुडीत उधारी धरलेली नसते. यावर कोणी म्हणेल कीं, आम्ही दान करावयाचें तें उघडपणें करूं, वाण्याच्या भावांतून नकळत कशाला? आक्षेप योग्य आहे, आणि तो करणारा खरोखरच उघडपणें देत असेल तर आमचें त्याच्याशीं भांडण नाहीं. पण एक भेद त्यानें लक्षांत घ्यावा. देणगी घेणाऱ्याला आपण गरीब आहों हें कबूल करावें लागतें. उधारीवर नेणारा, सगळे अपमान सोसूनहि, गिऱ्हाईकच असतो. तो पुढच्या महिन्यांत पैसे चुकते करून त्याच फळीपुढें ताठ उभा राहूं शकतो. देणगी त्याला ती जागा देत नाहीं.

म्हणून सगळें सामान कोपऱ्यावरूनच घ्या असा फतवा आम्ही काढणार नाहीं. स्वस्ताईचा मोह खोटा नाहीं, आणि ज्या घरांत दोघेंहि कामावर जातात त्यांच्या वेळेलाहि किंमत आहे. पण महिन्याच्या यादीचा कांहीं भाग, निदान धान्य आणि तेल, रोखीनें तेथून घेणें हें भावनेचें काम न मानतां हिशेबाचें मानावें, एवढें आमचें म्हणणें आहे. इमारतीच्या रहिवासी संस्थांना मंडपावर आणि ध्वनिक्षेपकावर खर्च करतां येतो. ठराव करून वाण्याकडे एक ठराविक रक्कम ठेवावी, आणि तीमधून इमारतींत राबणाऱ्या माणसांच्या वहीला जामीन राहावें, हेंहि त्यांना करतां येईल. असें झालें तर वही राहील, आणि मान खालीं घालण्याचें कारण बरेंच कमी होईल. जामीनकीची यादी भिंतीवर लावूं नये, म्हणजे झालें.

दुपारीं दोनच्या सुमारास अशा दुकानांवरून जावें. वाणी आंत डुलक्या घेत असतो. पायरीवर तीन-चार तरुण हातांतल्या फोनकडे डोळे लावून बसलेले असतात. अंगांत कंपन्यांचे रंगीत सदरे, पाठीवर मोठ्या चौकोनी पिशव्या. दूरच्या कोठारांतून आमच्या दारीं सामान पोंचविणारे ते हेच. त्यांच्या मालकानें त्यांना बसावयास ओटा बांधलेला नाहीं, म्हणून दोन फेऱ्यांच्या मधली पंधरा मिनिटें ते येथें काढतात. आणि त्यांतला एखादा उठून फळीवरच्या तांब्याकडे बोट दाखवितो, तेव्हां वाणी डोळे न उघडतांच मानेनें ‘घे’ म्हणतो.